आगमनकाळ : कधी, किती आणि कसे?

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. या दिवसांत चर्चमध्ये आणि चर्चबाहेर करायच्या कामांबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतले सहा प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रे कॅथलिक धर्मग्रामांतून (म्हणजे पॅरिशमधून) आली, तर काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून. जिथे प्रथा वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : आगमनकाळ दरवर्षी वेगळ्या तारखेला का सुरू होतो? आमच्या पॅरिश कौन्सिलची नाताळाची बैठक नोव्हेंबरअखेर होते आणि मग सगळीच धावपळ होते. कामाला कधी लागावे? (वसई)

३० नोव्हेंबर हा प्रेषित अंद्रियाचा सण. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार असतो, म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानच येतो. उलटे मोजले की लगेच सापडतो. २५ डिसेंबरच्या आधीचा रविवार चौथा, तिथून तीन आठवडे मागे गेले की पहिला. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ साली २८ नोव्हेंबरला. २०२८ साली नाताळ सोमवारी येतो, त्यामुळे पहिला रविवार थेट ३ डिसेंबरला आणि अख्खा काळ जेमतेम २२ दिवसांचा. त्या वर्षी चौथा रविवार आणि नाताळाची पूर्वसंध्या एकाच दिवशी आहेत. सकाळी वेदीवर आगमनकाळाचे जांभळे वस्त्र आणि संध्याकाळी नाताळाचे पांढरे. वेदी सजवणाऱ्यांना दुपारचे दोन-तीन तासच मिळतील, हे आताच टिपून ठेवा.

बैठक ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या. तेव्हा सजावटीचा विषय काढूच नका. ज्यांना वेळ लागतो अशी दोनच कामे त्या दिवशी ठरवा : मदत कोणत्या घरांना लागणार त्याची यादी आणि पापनिवेदनासाठी (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्यासाठी) धर्मगुरू कोणत्या दिवशी मिळणार त्याच्या तारखा. बाकीची कामे नोव्हेंबरमध्ये होतात.

सजावटीबद्दल एक आग्रहाचे सांगणे. कॅथलिक उपासनेत या काळातल्या रविवारी ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत (आलेलुया मात्र असतो), आणि वेदीवरची फुले व वाद्ये बेताची ठेवावीत असा नियम आहे. तरी १ डिसेंबरलाच चर्च दिव्यांनी झगमगते. मग २४ तारखेच्या रात्रीसाठी वेगळे काय उरते? दिव्यांच्या माळा लावून ठेवा, तपासूनही ठेवा, पण बटण त्या रात्रीच दाबा.

प्रश्न : आगमनचक्र घरीच कसे बनवावे? गेल्या वर्षी मेणबत्त्या एका बाजूने वितळल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात पाने सुकली. मेणबत्त्यांचा रंग कोणता घ्यावा? (महिला मंडळ, अहिल्यानगर)

ज्याला बहुतेक जण नुसते ‘रीथ’ म्हणतात, ते हे चक्र : हिरव्या डहाळ्यांच्या कड्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. आजच्या रूपात त्याची सुरुवात जर्मनीत हॅम्बुर्ग येथे झाली. १८३९ साली योहान हिन्रिख विखर्न या पाळकांनी अनाथ मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर २० छोट्या लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. ‘नाताळ कधी?’ असे रोज विचारणाऱ्या मुलांना दिवस मोजता यावेत, एवढाच हेतू होता. पुढे फक्त रविवारच्या चार मेणबत्त्या राहिल्या.

रंगांची कॅथलिक प्रथा तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशी आहे. गुलाबी तिसऱ्या रविवारची, म्हणजे आनंदाच्या रविवारची. ती शेवटी लावायची असा समज बराच पसरला आहे, तो चुकीचा आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चारही लाल किंवा निळ्या चालतात. मधोमध पाचवी पांढरी ठेवत असाल तर ती नाताळाला पेटवायची.

चर्चसाठी ४५ सेंटीमीटर व्यासाचे कडे पुरते. त्यासाठी वेताची किंवा जाड तारेची दीड मीटर लांबी घ्या. त्यात जोडाची जागा धरलेली आहे. आपल्याकडे देवदाराच्या फांद्या मिळत नाहीत. किनाऱ्यावरचे लोक सुरूच्या डहाळ्या वापरतात, पण त्या चार-पाच दिवसांत वाळतात आणि वाळली सुरू भर्रकन पेटते. मोरपंखीच्या झाडाच्या डहाळ्या उत्तम. त्या आठवडाभर हिरव्या राहतात. २० सेंटीमीटरच्या २५-३० डहाळ्या घ्या, देठाकडचा भाग रात्रभर पाण्यात ठेवा आणि पाच-सहा एकत्र करून दोऱ्याने कड्याला बांधा. दर शनिवारी अर्ध्या तरी बदला. एकदा बांधले आणि महिना निभावला, असे हे काम नाही.

आता मेणबत्त्या. रविवारी तासाभराच्या तीन उपासना होत असतील तर पहिली मेणबत्ती चार रविवारांत मिळून १२ तास जळते, दुसरी ९, तिसरी ६ आणि चौथी ३. बाजारातली बारीक मेणबत्ती इतकी टिकत नाही. ५ सेंटीमीटर जाड आणि २० सेंटीमीटर उंच घ्या. चारही सारख्या उंचीच्याच घ्या. चौथ्या रविवारी त्या पायऱ्यांसारख्या दिसतात आणि तेच बघायला छान वाटते.

एका बाजूने वितळण्याचे कारण पंखा. ज्योत वाऱ्याने एकीकडे झुकली की त्या बाजूची कड आधी ढासळते आणि मेण ओघळते. चक्रावरचा पंखा बंद ठेवा किंवा चक्र भिंतीच्या आडोशाला हलवा. प्रत्येक मेणबत्तीखाली वाळू घातलेली मातीची पणती ठेवा आणि ज्योत पानांपासून किमान एक वीत वर राहील असे बघा. विझवताना फुंकर नको, पातळ मेण उडते. वात दाबून विझवा.

प्रश्न : आमचा युवा गट चर्चच्या परिसरातल्या १०० गरजू कुटुंबांना धान्याचे किट देणार आहे. किटमध्ये काय आणि किती असावे? (पालघर)

आधी यादी, मग किट. बहुतेक गट उलटे करतात. पैसे जमले की पाच किलो तांदूळ आणि पाच किलो आटा घेऊन मोकळे होतात. प्राधान्य गटातल्या शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते. अशा घरात आणखी तांदूळ गेला तर तो डब्यात पडून राहतो किंवा विकला जातो. त्या घरात तुटवडा असतो तो डाळीचा, तेलाचा आणि साखरेचा. याउलट वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आलेल्या स्थलांतरित कुटुंबाची शिधापत्रिका अनेकदा गावी असते. तिथे धान्यच हवे. म्हणून यादी करतानाच ‘शिधा मिळतो का?’ हे विचारा आणि दोन प्रकारची किटे करा.

शिधा मिळणाऱ्या चौघांच्या घरासाठी : तूरडाळ २ किलो, मसूर किंवा मूगडाळ १ किलो, तेल २ लिटर, साखर २ किलो, शेंगदाणे १ किलो, गूळ १ किलो, मीठ १ किलो, चहा २५० ग्रॅम, तिखट २०० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम, अंगाचे साबण ४. हे सगळे साडेदहा-अकरा किलो भरते, म्हणून दोन पिशव्यांत विभागा. म्हातारी बाई एका हातात एवढे वजन नेऊ शकत नाही. शिधा न मिळणाऱ्या घरासाठी यातली साखर, गूळ आणि शेंगदाणे निम्मे करून तांदूळ ५ आणि आटा ५ किलो वाढवा. एकट्या वृद्धाला यातले निम्मे पुरते.

भरताना हमखास होणाऱ्या चुका अशा. साबण चहाशेजारी ठेवला की चहाला साबणाचा वास लागतो, तो उकळूनही जात नाही. साबण आणि तेल दुसऱ्या पिशवीत ठेवा. तेलाचे पाकीट खाली दबले की फुटते, ते वर आणि उभे ठेवा. ५० किलोच्या पोत्यातून दोन-दोन किलोची २५ पाकिटे मोजून निघत नाहीत. सांडलवंड आणि काट्यावरचे जास्तीचे माप धरून शंभर किलोंमागे दोन किलो जादा घ्या.

वाटपाची पद्धत किटपेक्षा महत्त्वाची आहे. मिस्सानंतर (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेनंतर) चर्चच्या पटांगणात रांग लावून, नाव पुकारून देऊ नका. शेजारीपाजारी बघत असताना रांगेत उभे राहण्यापेक्षा उपाशी राहणारी माणसे प्रत्येक गावात असतात. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या, गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची रीत आजही सर्वांत चांगली : दोघांनी मिळून घरी जायचे, बसायचे, विचारपूस करायची. ५० जोड्या नसल्या तरी चालेल. एका जोडीने संध्याकाळी चार घरे केली तर पाच जोड्यांना १०० घरांसाठी पाच संध्याकाळी लागतात. फोटो काढू नका. हिशेबासाठी यादीवर भेट देणाऱ्या दोघांच्या सह्या पुरतात.

आणि कुटुंब ख्रिस्ती आहे की नाही, हा निकष नको. किटमध्ये पत्रके, प्रार्थनेची निमंत्रणे घालू नका. मदत ही मदतच राहू द्या. घेणाऱ्याच्या मनात अटीची शंका आली की दिलेल्याची किंमत गेली.

फराळही द्यायचा असेल तर करंज्या ओल्या नारळाच्या नकोत. दोन-तीन दिवसांत त्या आंबूस होतात आणि वाटप लांबले तर सगळी मेहनत वाया. एक किलो मैद्याला सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस अर्धा किलो, पिठीसाखर अर्धा किलो आणि भाजलेली खसखस १०० ग्रॅम घ्या. मध्यम आकाराच्या ७०-८० करंज्या होतात. सारण आणि तळलेल्या करंज्या पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट असताना डबा बंद केला की वाफेने त्या मऊ पडतात.

प्रश्न : आमच्या भागात ६० ख्रिस्ती घरे आहेत. नाताळगीतांची फेरी किती दिवस आणि कशी काढावी? सोसायट्यांतून आवाजाची तक्रार येते. (ठाणे)

१२-१५ जणांचा गट घ्या, जास्त नको, दिवाणखान्यात मावत नाहीत. एका घरी सहा-सात मिनिटे आणि पुढच्या घरी पोहोचायला तीन असे धरले तर सात ते नऊ या वेळेत १२ घरे होतात. म्हणजे ६० घरांना पाच संध्याकाळी. १७ डिसेंबरपासून सुरुवात करा. त्या दिवसापासून २४ तारखेपर्यंत उपासनेतली वाचने आणि प्रार्थना थेट जन्माकडे वळतात, त्यामुळे जन्माची गीते तेव्हा शोभतात. त्याआधी म्हणायचीच असतील तर प्रतीक्षेची गीते म्हणा.

लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. नाताळाचा दिवस त्यात आहे का, हे आपल्या जिल्ह्याच्या त्या वर्षीच्या यादीत बघा. मोकळ्या मैदानावरची २४ तारखेची मिस्सा अनेक ठिकाणी लवकर सुरू होते ती याच कारणाने. फेरीला मात्र स्पीकर लागतच नाही. पेटी, ढोलकी, टाळ आणि एक गिटार पुरेत.

आदल्या दिवशी सोसायटीच्या सचिवांना घरांचे क्रमांक आणि वेळ कळवा. ज्या घरी वर्षभरात कुणी वारले आहे, तिथे आधी फोन करून विचारा. अनेकदा त्यांनाच तुम्ही यावे असे वाटत असते, फक्त ढोलकी नको असते. जमलेल्या पैशांची पेटी कुलूपबंद असावी, ती दोघांनी मिळून त्याच रात्री उघडावी आणि रक्कम वहीत लिहावी. पैसे कशासाठी आहेत ते पहिल्या घरापासून सांगा.

प्रश्न : शेवटच्या आठवड्यात पापनिवेदनाला इतकी गर्दी होते की लोक परत जातात. सर्वांना एकत्र पापक्षमा देता येणार नाही का? (वसई तालुका)

नाही. कॅथलिक धर्मसभेच्या कायद्याचे कलम ९६१ याबाबत स्पष्ट आहे : मोठ्या सणाला केवळ गर्दी झाली, हे सामूहिक पापक्षमेला पुरेसे कारण होत नाही. उपाय वेळापत्रकातच शोधावा लागेल.

एका व्यक्तीला सरासरी तीन मिनिटे धरा. एक धर्मगुरू तासाला २० जणांचे ऐकतात. ६०० जण येणार असतील आणि सहा धर्मगुरू बसणार असतील तर सलग पाच तास लागतील. दोन तासांची एक संध्याकाळ ठेवून हे होणार नाही, म्हणून लोक परत जातात. शेजारच्या धर्मग्रामांशी बोलून दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात अडीच तासांच्या दोन संध्याकाळी घ्या. शाळेच्या मुलांची वेळ वेगळी, सकाळी ठेवा. रांगा समूहवार (धर्मग्रामातल्या घरांच्या छोट्या गटांप्रमाणे) लावा आणि पहिला अर्धा तास वृद्धांसाठी राखून ठेवा. खुर्च्या एवढ्या दूर असाव्यात की रांगेतल्या माणसाला शब्द ऐकू येऊ नयेत. गायकवृंदाने हळू गात राहिले तर त्याचीही मदत होते.

अंथरुणाला खिळलेल्यांना विसरू नका. त्यांची यादी समूहाच्या प्रमुखांकडून पहिल्या आठवड्यातच घ्या. धर्मगुरू एका सकाळी सहा-सात घरांपेक्षा जास्त नीट करू शकत नाहीत. ४० आजारी असतील तर सहा सकाळी आधीच राखून ठेवाव्या लागतात.

प्रश्न : नाताळगोठ्यासाठी (येशूजन्माच्या देखाव्यासाठी) नाचणीचे हिरवे शेत करतो, पण २४ तारखेपर्यंत ते पिवळे पडून आडवे होते. (सावंतवाडी)

फार लवकर पेरता. १३ डिसेंबरला पेरा. नाचणी रात्रभर भिजवा, एक दिवस ओल्या फडक्यात बांधून ठेवा आणि मोड दिसले की ट्रेमधल्या दोन-तीन सेंटीमीटर मातीवर एका थरात पसरा. फूटभर लांब-रुंद ट्रेला ५० ग्रॅम पुरते, गहू असेल तर १५० ग्रॅम. पहिले दोन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात काढा. उजेड कमी पडला की रोपे उंच, फिकट आणि लुळी होतात. पाणी ओतू नका, सकाळ-संध्याकाळ शिंपडा. साचले की बुरशी धरते. ट्रे २४ तारखेला दुपारीच गोठ्यात मांडा आणि दिव्याच्या माळा मातीला टेकू देऊ नका.

थर्माकोलची घरे करू नका. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठा, माती आणि भाताचा पेंढा पुरेसा आहे. बाळ येशूची गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी राहू द्या. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या मूर्ती लांब कोपऱ्यात ठेवा आणि रोज थोड्या पुढे सरकवा. त्या ६ जानेवारीला, किंवा आपल्याकडे प्रकटीकरणाचा सण (त्यांच्या या भेटीचा सण) ज्या रविवारी होतो त्या दिवशी, गोठ्याशी पोहोचल्या पाहिजेत. पुढच्या खेपेला तो रविवार ३ जानेवारी २०२७ आहे. रोज एक मूर्ती सरकवायचे काम लहान मुलांकडे द्या.