चाळ सुटली म्हणून आई विसरायला लागली का?

रीडेव्हलपमेंटनंतर टॉवरमध्ये राहायला गेलेल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. लालबागच्या शशिकांतांचा (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) प्रश्न मात्र दुहेरी होता.

आई पंचाहत्तरीच्या. लग्न होऊन चाळीत आल्या. नवरा गिरणीत साचेखात्यात. 1982 च्या संपात नोकरी गेली, तेव्हा आईंनी खानावळ चालवून घर ओढलं. पुढे चाळ पडली, काही वर्षं ट्रान्झिट कॅम्पमध्ये गेली आणि आता एकोणिसावा मजला. इथे आल्यापासून गॅस चालूच राहतो, तोच प्रश्न चारदा होतो. एकदा तर अठराव्या मजल्यावर उतरून त्या परक्या दाराला किल्ली लावत उभ्या होत्या. "मॅडम, आम्ही तिला तिथून हलवायलाच नको होतं का? आणि माझंही लहानपण तिथल्याच गिरण्यांच्या धुरात गेलंय. म्हणजे माझंही ठरलेलंच?"

आईंना मी चाळीतली बिऱ्हाडं विचारली. जिन्यापासून नळापर्यंत ओळीने सांगितली, कुणाची मुलगी कुठे दिली यासकट. मुलाचा चेहरा खुलला. पण विसरण्याच्या आजारात जुनं बरंच टिकतं, कालपरवाचं आधी जातं. "आज सकाळी काय खाल्लंत?" असं विचारल्यावर त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही काय खाल्लंत ते सांगा आधी." त्यांना आठवत नव्हतं, की प्रश्नच नीट ऐकू आला नव्हता? मी मान वळवून बोलले की त्या माझे ओठ शोधायच्या. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांबरोबरच कानांची तपासणी, बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉईडही सुचवलं.

परिसराचा मेंदूवर परिणाम होतो, हे मी शशिकांतांपाशी नाकारलं नाही. 1936 साली जन्मलेल्या आणि पुढे स्कॉटलंडच्या एडिंबरा भागात राहणाऱ्या 1,091 जणांचा दीर्घ अभ्यास झाला आहे. त्यांनी 1947 मध्ये, अकराव्या वर्षी दिलेली बुद्धिचाचणी सत्तरीत पुन्हा दिली. त्यातल्या काही जणांचे निकाल, ते आयुष्यात कुठे कुठे राहिले याच्याशी ताडून पाहिले, तर लहानपणी आणि मोठेपणीही जवळपास उद्यानं असलेल्यांची बुद्धी उतारवयात जरा बरी टिकलेली दिसली. फरक थोडाच, आणि ती सगळी स्कॉटलंडची माणसं. गिरणगावाला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे याच विसरण्याच्या आजाराचा धोका वाढवणाऱ्या 14 गोष्टी सांगितल्या. प्रदूषित हवा त्यात आहेच, पण कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, एकटेपणाही आहे. या सगळ्यांवर काम झालं तर सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज.

चाळीचं गुणगान ऐकून मला कंटाळा येतो. संडासाची रांग आणि पहाटेचं पाणी ज्यांनी भरलंय, त्या बायका ते फारसं करत नाहीत. पण तिथे आईंना दिवसभर माणसांशी बोलावं लागायचं, आणि दूध उतू जायला लागलं तर शेजारीण गॅलरीतूनच ओरडायची. हा आजार घर बदलल्याने महिन्याभरात होत नाही, तो आत वर्षानुवर्षं मुरत असतो. चाळीने तो झाकला होता. एकोणिसाव्या मजल्यावर, एकसारख्या दारांमध्ये, तो उघडा पडला. हलवलं म्हणून झाला, हे ओझं शशिकांतांनी वाहायचं कारण नव्हतं. दार लावून आई दिवसभर एकट्या, याचं मात्र काहीतरी करायला हवं होतं.

रिपोर्ट आले. दोन्ही कान मंद, बी-12 कमी आणि आजाराची सुरुवातही. श्रवणयंत्र आलं, इंजेक्शनं झाली. जुनी नावाची पाटी माळ्यावरून काढून दारावर लावली. चाळीतल्या शेजारीणबाई अकराव्या मजल्यावर निघाल्या. सून दुपारी आईंना तिथे सोडते, दोघी वाती वळत बसतात. नावं अजून चुकतात, पण आई बोलत्या झाल्यात. गॅसला आपोआप बंद होणारा व्हॉल्व बसवलाय.

शशिकांतांना मी म्हटलं, तुमचं लहानपण बदलता येणार नाही, रक्तदाब शेवटचा कधी मोजलात? आठवत नव्हतं. वय बावन्न, मोजल्यावर 160/100 निघाला. "पण मला काहीच त्रास होत नाही" म्हणत त्यांनी गोळी महिनाभर टाळली. आता घेतात.