ग्रिडला जोडण्यापूर्वी

घरी सौर पॅनेल बसवून त्यांची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडण्याची आपली योजना वाचली. पॅनेल किती वॉटचे घ्यावे यावर आपण बराच विचार केलेला दिसतो. तितकाच विचार इन्व्हर्टरपासून (पॅनेलची वीज घरगुती विजेत बदलणाऱ्या यंत्रापासून) मीटरपर्यंतच्या केबलचाही करावा, असे मी सुचवेन. इन्व्हर्टरला वीज ग्रिडकडे ढकलायची असल्याने त्याच्या टोकाशी व्होल्टेज थोडे चढते, आणि केबल लांब व बारीक असेल तर ही वाढ मर्यादेबाहेर जाऊन इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. २३० व्होल्टच्या जोडणीवर ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर सुमारे २२ अँपिअर प्रवाह सोडतो; ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ३० मीटर धावत असेल, तर एवढ्यानेच सुमारे ६ व्होल्ट वाढतात. माझ्याकडे ऐन दुपारी, लख्ख उन्हात, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लाल होत असे आणि मी विनाकारण पॅनेल पुसत बसलो होतो. जाड केबल टाकल्यावर तक्रार मिटली.

वीज कंपनीची लेखी मंजुरी आणि दुतर्फा मोजणारा मीटर या दोन्हींआधी यंत्रणा सुरू करू नये, कारण काही जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच नोंदवतात.

ग्रिडची वीज गेली की साधा ग्रिड-जोड इन्व्हर्टरही थांबतो. हा दोष नसून, तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी केलेली सोय आहे. अशा वेळीही घरात दिवे हवे असतील, तर बॅटरी, आणि अशा वेळी ग्रिडपासून वेगळा होऊन बॅटरीवर घर चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर, या दोन्हींचा निर्णय आत्ताच घ्यावा.