रिपोर्ट नॉर्मल, मग कफ का कमी होत नाही?

ब्रॉन्किएक्टेसिस असलेली माणसं हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की हल्ली मी आधी कफाचा रिपोर्टच मागून घेते. या आजारात श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यात कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू ठाण मांडतात. आपल्याकडे टीबी बरा झाल्यावर अनेकांच्या मागे हे दुखणं राहतं.

चाळिशीतल्या एका ताईंचं असंच झालं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) विशीत टीबी होऊन गेलेला. प्रत्येक रिपोर्टात तोंडातले नेहमीचे जंतू आणि खाली बारीक अक्षरात, ‘नमुन्यात लाळ जास्त, पुन्हा पाठवावा’. ती ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती. आजार आपल्या मनाचाच खेळ आहे, असं ताईंनी धरून ठेवलं होतं.

“नमुना घेता कुठे?”

“बाथरूममध्ये. नळ सोडून हळूच खोकते.”

“नळ कशाला?”

“सासूबाईंना ऐकू गेलं तर म्हणतील, हिला परत टीबी झाला. माझं ताट वेगळं करतील.”

“आणि दिवसभर येणारा कफ?”

“गिळते.”

माणसाला आजारापेक्षा आजाराबद्दलचा विचार जास्त अडवतो, असं मी मानते. म्हणून समजूत न घालता विचारलं, “आणि इतकं हळू खोकलात, की कोणालाच ऐकू गेलं नाही, तर?”

बराच वेळ ताई कफाच्या डबीवरच्या चिठ्ठीवरची तारीख बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तर मॅडम, डबीत लाळच जाणार.”

हे मी सांगितलं असतं तर त्यांनी नुसती मान डोलावली असती. त्यांच्या तोंडून आलं, म्हणून टिकलं. माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते. दोष लॅबचा नव्हता, लाजेचा होता. पुढच्या भेटीला सासूबाई आल्या. ब्रॉन्किएक्टेसिस स्वतः एकापासून दुसऱ्याला होत नाही, आणि टीबी उलटला आहे का हेही याच कफातून कळतं, एवढं समजल्यावर ताटाचा विषय त्यांनीच मिटवला.

नमुना शक्यतो सकाळचा असावा. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, माउथवॉश नको. बंद बाथरूमपेक्षा गच्ची किंवा उघडी खिडकी बरी, आसपास कोणी नको. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला कफ काढण्याचा व्यायाम करून, खोल श्वास घेऊन छातीतून खोका. दोन ते पाच मिली घट्ट कफ पुरतो. डबी निर्जंतुक हवी आणि दोन तासांत लॅबमध्ये पोहोचायला हवी. उशीर होणार असेल तर काय करायचं, ते लॅबलाच आधी विचारा. नवीन अँटिबायोटिकचा पहिला डोस डॉक्टरांना विचारून नमुन्यानंतर घ्यावा, पण तब्येत बिघडली असेल तर डबीसाठी औषध अडवू नका. फॉर्मवर ‘ब्रॉन्किएक्टेसिस’ लिहिलंय ना, ते बघा. त्रास नसतानाही वर्षातून एकदा तरी कफ तपासलेला चांगला.

ताईंच्या पुढच्या नमुन्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. नेहमीच्या कित्येक गोळ्यांना तो दाद देत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी औषध बदललं. टीबीची जलद तपासणी निगेटिव्ह आली. टीबीच्या जातकुळीतल्या इतर जंतूंचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून केलेली तपासणी, मात्र सहा-आठ आठवडे चालतं. तेव्हा पहिला कागद हातात आला की लॅबला विचारा, अजून काही यायचं बाकी आहे का.