चार ठिकाणी एकच शब्द

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

वनहक्कांवरील पुस्तिकेच्या अनुवादाची तुझी वही परवा मिळाली. भाषा स्वच्छ आहे. परंतु मूळ मजकुरात ‘प्रिव्हिलेज’ हा शब्द चार ठिकाणी चार अर्थांनी आला असून तू चारही ठिकाणी ‘विशेषाधिकार’ लिहून मोकळी झाली आहेस. हे पान ग्रामसभेत मोठ्याने वाचले जाणार आहे, म्हणून पत्र थोडे लांबवतो.

मूळ लॅटिन शब्दात ‘प्रिव्हस’ म्हणजे एकट्याचा आणि ‘लेक्स’ म्हणजे कायदा. एखाद्या एकट्या माणसासाठी, किंवा त्याच्या विरुद्धही, केलेला कायदा असा त्याचा रोमन अर्थ. ‘विशेषाधिकार’ त्याला जवळचा आहे, म्हणून कायद्याने कोणाला इतरांहून वेगळे स्थान लिहून दिले असेल तिथेच तो शोभतो. सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल खासदाराला किंवा आमदाराला न्यायालयात खेचता येत नाही, ते संविधानाच्या अनुच्छेद १०५ आणि १९४ मुळे. त्या विशेषाधिकाराला धक्का लागला की वर्तमानपत्रे ‘हक्कभंग’ लिहितात. संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने गेले. तुझ्या पहिल्या उताऱ्यात आमदारांचाच विषय आहे, तिथला शब्द राहू दे.

दुसरा उतारा जंगलाचा आहे आणि तिथे मी स्वतः एकदा चुकलो आहे. ‘राइट्स अँड प्रिव्हिलेजेस’ या जोडशब्दाचे मी ‘हक्क व सवलती’ असे भाषांतर करून एका गावात वाचले, तेव्हा मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, “सवलत म्हंजे साहेबाची मर्जी का जी?” मला उत्तर सुचले नाही, कारण त्याने नेमके दुखणे ओळखले होते. इंग्रजी अमदानीतील वनखात्याच्या कारभारात हा भेद फार महत्त्वाचा होता: हक्क सिद्ध करून घ्यावा लागे, आणि जे सिद्ध झाले नाही ते सरकारने खुशीने चालू ठेवलेले, म्हणून हवे तेव्हा थांबवता येणारे ठरे. पिढ्यान् पिढ्या जळण, बांबू आणि चराई यांवर जगणाऱ्या गावाकडे कागद कुठून असणार? जंगलातून अशा गरजा भागवण्याच्या या वहिवाटीला आपल्या पूर्व विदर्भात ‘निस्तार’ म्हणतात. हाच शब्द २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामुदायिक हक्क म्हणून जसाच्या तसा आला, आणि २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ चा एप्रिल उजाडला. तेव्हा तुझ्या उताऱ्यात जुन्या काळाचा उल्लेख असेल तिथे ‘सवलत’ लिही, कारण इतिहास तसाच होता. २००६ नंतरच्या वाक्यात मात्र ती चुकूनही येऊ देऊ नकोस.

तिसऱ्या ठिकाणी शब्द न्यायशास्त्रातला आहे. हॉफेल्ड या अमेरिकी विधिज्ञाने १९१३ च्या लेखात हक्क आणि प्रिव्हिलेज यांची फारकत केली. माझा हक्क असेल तर समोरच्यावर कर्तव्य येते. प्रिव्हिलेज असेल तर एवढेच, की ती गोष्ट न करण्याचे बंधन माझ्यावर नाही. माझ्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मी चालावे की न चालावे, ही माझी मुभा. ‘मुभा’ हा अरबी ‘मुबाह’वरून आलेला शब्द, म्हणजे जे सक्तीचे नाही आणि निषिद्धही नाही ते. इतका नेमका प्रतिशब्द घरात असताना तू कोश कशाला उघडलास, हे मला कळले नाही.

(जाता जाता: सरकारी कचेरीत जिला ‘अर्जित रजा’ म्हणतात, तशाच रजेला अनेक कंपन्यांत ‘प्रिव्हिलेज लीव्ह’ म्हणतात. एकीकडे कमावलेली, दुसरीकडे मेहेरबानीची.)

चौथा उतारा सर्वांत अवघड. तिथे कायदा नाही, सनद नाही, पोळ्याच्या तोरणाखाली पहिल्या जोडीला मिळतो तसा उघड मानही नाही. एकाच शाळेतल्या दोन मुलांपैकी एकाच्या घरी ओलिताची शेती आणि नागपूरला राहणारा मामा, दुसऱ्याच्या घरी कोरडवाहू तीन एकर. दोघेही रात्री जागून अभ्यास करतात, पण पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हातची गेली की दुसऱ्याची फी थांबते. पहिल्याला ‘तुला विशेषाधिकार आहे’ म्हटले तर तो खरेपणाने म्हणेल, मला कोणी काही दिलेले नाही, मी मेहनत केली. आणि त्याचे चूक नाही. चूक शब्दाची आहे. ‘सवलत’ही नको, कारण ती वाचून लोकांना फीमाफी आणि एसटीचा पास आठवतो, म्हणजे जी बहुतेक वेळा दुसऱ्या मुलाला मिळते ती गोष्ट, आणि वाक्य उलटे होते. मी ‘जन्माने लाभलेली अनुकूलता’ लिहिले असते. ते जड आहे, पण कोणावर आरोप करत नाही. ‘आयते मिळालेले’ हा शब्दप्रयोग बोलीला जवळचा, मात्र त्यात टोमणा आहे, आणि पुस्तिकेचा लेखक टोमणा मारतो आहे की नाही हे मूळ परिच्छेद पुन्हा वाचून तूच ठरव.

दोन्ही वाक्ये लिहून आधी तुझ्या आजीला वाचून दाखव आणि ती कुठे अडते ते समासात टिपून ठेव. दुरुस्त पाने पोळ्यानंतर पाठवलीस तरी चालेल. तोवर माझे डोळ्यांचे ऑपरेशनही होऊन जाईल.

तुझा,
गुरुजी