रंग खालून उडतो: मिनिएचर रंगवणाऱ्यांचे प्रश्न

टेबलावरच्या युद्धखेळांसाठी लागणारे २८ ते ३२ मिलिमीटर उंचीचे पुतळे (मिनिएचर, थोडक्यात मिनी) रंगवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडीकडून आली आहेत. बहुतेकांनी रंगाला दोष दिलाय. पत्रं नीट वाचली तर रंग बिचारा बहुतेक ठिकाणी निर्दोष आहे. घोटाळा त्याच्या खालच्या थरात आहे.

जुलैमध्ये पडवीत बसून स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) मारला. सुकल्यावर सगळ्या मिनी पिठात घोळल्यासारख्या खरखरीत दिसायला लागल्या. डबा खराब निघाला म्हणायचं का? (खानापूर)

डब्यावर खापर फोडण्याआधी एक तपासणी करा. मिनीवरून बोट फिरवा. स्प्रेच्या बाजूलाच खरखर असेल आणि बोटाला पूड लागत असेल, तर रंगाचे थेंब हवेतच सुकून मिनीवर पोचले आहेत. म्हणजे डबा फार लांब धरला होता, नाहीतर पडवीत वारा होता. पण सगळ्या अंगावर सारखी दुधाळ साय आली असेल तर ते दमटपणाचं काम. स्प्रेतला सॉल्व्हंट झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर उतरते. खानापुरात जुलैत आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे प्रायमर कुठून धड वाळणार?

आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. आकडा ७० टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रेला हात लावू नका. खाली असेल तेव्हा डबा आतली गोळी वाजायला लागल्यापासून पूर्ण २ मिनिटं हलवा आणि २० ते २५ सेंटिमीटरवर धरा. फवारा मिनीच्या बाहेर सुरू करायचा, तिच्यावरून सरकवत न्यायचा आणि पलीकडे गेल्यावरच बोट उचलायचं. मिनीवरच सुरू केला तर पहिला जाड थेंब नेमका तोंडावर बसतो. पातळ दोन हात, मध्ये १५ मिनिटं. गारठ्यात डब्याचा दाब कमी होतो, तेव्हा तो हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात ५ मिनिटं उभा करा. गॅसजवळ किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही, डबा फुटतो.

जून ते सप्टेंबर सरळ ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरा. चपट्या मऊ ब्रशने पातळ दोन हात द्या, खाचांत साचलेला प्रायमर कोरड्या ब्रशने टिपून घ्या आणि २४ तास थांबा. वरून हाताला लागत नाही म्हणजे तो सुकला असं नाही. दमट हवेत आतला थर बराच वेळ मऊ राहतो आणि त्यावर रंग दिला की नख लागल्याबरोबर साल निघते.

आता झालेल्या मिनींचं काय? नुसती पूड असेल तर कडक, कोरड्या टूथब्रशने घासून बघा, बरीच झडते. दुधाळ साय असेल आणि चेहऱ्याचे बारकावे शाबूत दिसत असतील तर तशीच रंगवा, रंगाखाली ती झाकली जाते. बारकावे बुजले असतील तरच प्रायमर उतरवा.

धातूच्या घोडेस्वाराचा भाल्याचा हात फेविक्विकने तीनदा चिकटवला, तीनदा पडला. (टिळकवाडी, बेळगाव)

चौथ्यांदाही पडेल. फेविक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट. सरळ ओढ ते चांगली सोसतं, पण आडवा धक्का बसला की काचेसारखं तडकतं. त्यात धातूचा हात वजनदार आणि सांध्याचा पृष्ठभाग गुळगुळीत. इथे आत खिळी घालावी लागते.

लागणारं सामान बेळगावात जागेवर मिळतं. बारीक हातड्रिल सोनारकामाची आणि घड्याळदुरुस्तीची हत्यारं विकणाऱ्यांकडे, १ मिमीचं ड्रिल बिट इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे सर्किट बोर्डाचं म्हणून मागा. खिळीला २० नंबरची पितळी तार, ती साधारण ०.९ मिमी भरते. तार नसेल तर जेम क्लिप चालते. फक्त ती पोलादी असते, ती पकडीनेच तोडा. प्लास्टिक कापायच्या निपरने तोडलीत तर निपरच्या पात्याला दात पडतो आणि पुढे प्रत्येक कापावर तो उमटत राहतो.

आधी दोन्ही तुकडे भांड्याच्या साबणाने आणि टूथब्रशने धुवा. ओतकामात साच्याला मारलेली पावडर किंवा तेल धातूवर राहतं, त्यावर गोंदही धरत नाही आणि प्रायमरही. मग सांध्याच्या दोन्ही तोंडांवर सुरीने फुली-फुली ओरखडे काढा. खांद्याच्या मध्यभागी टोकदार सुईने खळगा पाडा, नाहीतर बिट घसरून बोटात शिरतं. ड्रिल हातानेच, दाब न देता फिरवायचं. हा धातू मऊ असतो, बिटच्या खाचेत चिकटून बसतो, म्हणून तीन-चार फेऱ्यांनंतर बिट बाहेर काढून साफ करायचं. हे टाळलं की बिट आतच तुटतं आणि मग ते निघत नाही, शेजारी दुसरं भोक पाडावं लागतं. धडात ४ मिमी, हातात ३ मिमी खोली पुरे.

समोरासमोर भोक जुळवणं ही खरी अडचण. धडातल्या भोकाच्या कडेला ओल्या रंगाचा ठिपका लावा, हात जागेवर टेकवून लगेच उचला. हातावर जिथे ठसा उमटला तिथे दुसरं भोक. खिळी ६ मिमीची कापा, म्हणजे दोन्ही भोकं मिळून १ मिमी मोकळं राहतं. बरोबर ७ ची कापलीत तर सांधा मिटत नाही. आधी गोंदाशिवाय बसवून बघा, मग टाचणीच्या टोकाने गोंदाचा एक थेंब. थेंब मोठा झाला की तो लवकर धरत नाही आणि आजूबाजूला पांढरी वाफ बसते ती वेगळीच.

सांध्यात फट उरली तर दोन भागांची एपॉक्सी पुट्टी भरा. एम-सील तळाखाली भरायला, स्वाराला घोड्यावर पक्कं करायला उत्तम. पण तिचा पोत भरड आणि घाई फार. कापडाच्या चुण्या, पट्टा, केस पुन्हा घडवायचे असतील तर निळ्या-पिवळ्या पट्टीची हिरवी पुट्टी घ्या. दोन्ही रंग समान घेऊन मळा, तासभर हातात राहते. मात्र पट्टीत निळा आणि पिवळा जिथे एकमेकांना चिकटलेले असतात ती मधली रेघ आधी कापून टाका. तिथे पुट्टी पाकिटातच कडक झालेली असते आणि मळलेल्या गोळ्यात खडे येतात. हत्यार पाण्याने ओलं ठेवलं की चिकटत नाही.

प्लास्टिकच्या मिनींनाही फेविक्विकच लावू का? (अनगोळ)

फ्रेममधून कापून काढायच्या कडक प्लास्टिकला नको. ते पॉलिस्टायरिन असतं. त्याला प्लास्टिक सिमेंट लावा. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, सांधा उरतच नाही. बोर्डगेमच्या खोक्यात येणाऱ्या मऊ, वाकणाऱ्या मिनी बहुतेक पीव्हीसीच्या असतात, त्यांवर हे सिमेंट काहीच करत नाही. तिथे मात्र फेविक्विक. ओळख पटत नसेल तर तळाच्या आतल्या बाजूला सिमेंटचा एक ठिपका लावून बघा.

मऊ मिनींचे भाले आणि तलवारी वाकलेल्या येतात. चिमट्याने धरून चांगल्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ करा, लगेच गार पाण्यात घाला. नुसतं हाताने सरळ केलं तर दोन दिवसांत पुन्हा वाकतं.

काळ्या प्रायमरवर भगवा झेंडा रंगवतोय. पाच हात झाले तरी डागडागच दिसतात, आणि चुण्या आता बुजायला लागल्या. मावळ्यांची कातडीही राखेसारखी दिसते. (निपाणी)

पिवळा आणि नारिंगी हे झाकण्यात सगळ्यात दुबळे रंग. काळ्यावर पाच काय, दहा हात दिले तरी खालचा काळा वर डोकावतोच. झेंड्यापुरता आधी फिकट गुलाबीसर तपकिरी किंवा यलो ऑकरचा (मातकट पिवळा) थर द्या, पातळ दोन हात. हे दोन्ही चांगले झाकतात. त्यावर नारिंगी दोन हातांत उजळून येतो.

रंग बाटलीतून थेट लावत असाल तर ते आजच बंद करा. दोन भाग रंग, एक भाग पाणी, असं धरून सुरुवात करा. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा: नखाच्या खोबणीत धावत सुटला तर पाणी जास्त, ब्रशच्या केसांचे ओरखडे दिसले तर कमी. प्रत्येक हातामध्ये १० मिनिटं, पावसाळ्यात २०. अर्धवट सुकलेल्या थरावर दुसरा हात दिला की खालचा रंग ब्रशबरोबर उचलला जातो, तुमचे डाग त्यातलेही असणार.

सावलीला काळा मिसळू नका, भगवा शेवाळल्यासारखा होतो. चुणीच्या खोल भागात नारिंगी अधिक बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). उजेडाला पांढराही नको, त्याने भगव्याचा आंब्याच्या आइस्क्रीमसारखा रंग होतो. चुणीच्या कण्यावर नारिंगीत पिवळा, आणि अगदी शेवटच्या केसाएवढ्या रेघेला त्यात फिकट कातडी रंगाचा थेंब.

कातडीचं दुखणंही तेच, पांढरा. सावळ्या चेहऱ्याला पांढऱ्याने उजळलं की राख फासल्यासारखं दिसणारच. पाया रॉ अंबर (गडद तपकिरी) आणि बर्न्ट सिएना समान. नाक, गालाचं हाड आणि बोटांच्या पेरांवर त्यातच यलो ऑकर वाढवत न्या. शेवटी लालसर तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग), फक्त डोळ्यांच्या खोबणीत आणि मिशीखाली. वॉश कुठे साचला तर ओलसर ब्रशने लगेच टिपा. सुकल्यावर कडेने चहाच्या कपासारखं वर्तुळ राहतं.

ब्रशबद्दलही विचारलंय. अतिबारीक, तीन शून्यवाला (000) घेऊ नका. त्यात रंग मावत नाही, चेहऱ्यापर्यंत नेईतो टोकावर सुकतो. १ नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश डोळ्याची बाहुलीसुद्धा काढतो.

जुन्या धातूच्या मिनी मिळाल्यात. वर ऑइल पेंटचा जाड थर आहे, आणि दोन-तीन मिनींवर पांढरी भुकटी दिसते. (चिकोडी)

भुकटीपासून सुरुवात करू. जुन्या ओतकामात शिसं असायचं. लाकडी कपाटातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं गंजतं, ती ही भुकटी. विषारी आहे, फुंकर मारू नका. मिनी पाण्याखाली धरून जुन्या ब्रशने घासा, नंतर हात साबणाने धुवा. कानस मारायची झाली तर ओलीच मारा आणि जेवणाच्या टेबलावर नको. लहान मुलांच्या हाती या मिनी देऊ नका. पुढे त्या लाकडी कपाटाऐवजी प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

धातूवरचा रंग ॲसिटोनने निघतो. झाकणाच्या काचेच्या बरणीत, खिडकी उघडी ठेवून, जवळ आग नको. काही तासांनी टूथब्रशने घासा. हीच बरणी प्लास्टिकच्या मिनींना मात्र काळ आहे. ॲसिटोन काय किंवा थिनर काय, पॉलिस्टायरिनचा लगदा करतात. प्लास्टिकवरचा ॲक्रिलिक रंग काढायला मूळ तपकिरी डेटॉल, पाणी न घालता, रात्रभर. हातमोजे घाला आणि सकाळी डेटॉलमध्येच घासून रंग पूर्ण काढा. त्याआधी पाणी लागलं तर सुटलेल्या रंगाचा डिंकासारखा चिकटा होतो आणि तो परत मिनीवरच बसतो.

मॅट वार्निश मारल्यावर सगळी पलटण धुक्यात गेली. (वडगाव, बेळगाव)

एक तर दमट हवा, नाहीतर डबा कमी हलवला. मॅट वार्निशमध्ये चमक घालवणारी पूड तळाशी बसलेली असते. कोरड्या दिवशी ब्रशने पातळ ग्लॉस वार्निशचा हात द्या, बहुतेक वेळा धुकं जातं. पूर्ण सुकलं की मग मॅट. धातूच्या मिनींना तसंही आधी ग्लॉसचे दोन हात द्यावेत. त्या एकमेकींवर आपटतात आणि नाकापासून रंग टवकायला लागतो.

तळाला खानापूरची खरी लाल माती वापरली तर? (बेळगाव, कॅम्प)

दिसायला देखणी, वागायला त्रासदायक. फेव्हिकॉल लागला की ती काळपट होते आणि नंतर प्रत्येक वॉशमध्ये थोडी विरघळून मिनीच्या पायांवर चढते. त्यापेक्षा नदीची वाळू चहाच्या गाळणीने चाळा, तव्यावर कोरडी भाजून घ्या. तळाला फेव्हिकॉल लावून वाळूत दाबा, रात्रभर ठेवा. मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी असं मिश्रण वाळूवर थेंबथेंब सोडा, नाहीतर ड्राय ब्रश करताना (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग झाडताना) कण सुटून रंगात येतात. त्यावर बर्न्ट सिएना, वॉश गडद तपकिरी, आणि कोरड्या जुन्या ब्रशने नारिंगी-ऑकरची हलकी झाडणी. जांभ्याचा रंग हुबेहूब येतो. मातीच हवी असेल तर ती अगदी शेवटी, वार्निशच्या आधी, मऊ ब्रशने कोरडी भुरभुरा. एका तळाला चिमूटभरही जास्त होते.