प्रश्न तुमचे, मैदान कोल्हापूरचं

गेल्या अंकात कोल्हापूरच्या खेळाडूंवर लिहिलं आणि पत्रांचा गठ्ठाच आला. मी इथल्या एका शाळेत 31 वर्षं क्रीडाशिक्षक होतो. निवृत्त झालो तरी सकाळी सहाला पाय आपोआप मैदानाकडे वळतात. जे पाहिलं आणि जे पक्कं ठाऊक आहे, त्यातूनच उत्तरं देतो.

खाशाबा जाधव कराडचे की कोल्हापूरचे? आमच्या कारखान्यात यावरून दोन गट पडलेत. जेवणाच्या सुट्टीत रोज वाद होतो. (एक वाचक, इचलकरंजी)

जन्म कराडजवळच्या गोळेश्वरचा, म्हणजे जिल्हा सातारा. शाळाही कराडचीच. एवढं पहिल्या गटाचं खरं. पण पैलवान म्हणून ते मोठे झाले ते कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात शिकताना. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीतला हा गडी तिथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली, तेव्हा पुन्हा पैशांची अडचण. गावोगाव वर्गणी झाली, तरी रक्कम पुरेना. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 23 जुलै 1952 ला खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 साल उजाडावं लागलं.

नोकरीत असताना मीही मुलांच्या बुटांना, एसटीच्या तिकिटाला, कधी डॉक्टरच्या बिलाला खिशातले पैसे घातले. ते सगळेच शिक्षक करतात. पण घराचे कागद सावकारापुढे ठेवायची वेळ आली असती, तर मी ठेवले असते का? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. म्हणून खाशाबांचं नाव निघालं की मी खर्डेकरांचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

आता तुमच्या वादाबद्दल. जन्मगावावरून वाटण्या करायच्या म्हटलं तर कोल्हापूरच्या हाती फार थोडं उरेल. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे एकसंब्याचे, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातले. 1959 ला दिल्लीत बंतासिंगला हरवून त्यांनी तो किताब आणला. पुढच्याच वर्षीचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळ्याकडच्या पुनवतचे. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये (कमरेखाली पकड न धरायच्या कुस्तीत) सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. ही सगळी बाहेरगावची पोरं. वडील एसटीतून पीठ-तांदळाची पिशवी आणून द्यायचे, मुलगा तालमीतच झोपायचा, स्वतःचं स्वतः रांधायचा आणि पहाटे तीनला उठून जोर-बैठका मारायचा. गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध मिळायचं. पैलवान आला की गवळी पेला काठोकाठ भरायचा आणि वर एक धार जास्तीची सोडायचा. हे मी लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून पाहिलंय. त्या जास्तीच्या धारेचे पैसे कोणी मागितलेले मला आठवत नाहीत. खाशाबा कराडचे आहेतच. पण त्यांना परदेशी धाडणारं गाव म्हणून कोल्हापूरचाही त्यांच्यावर हक्क आहे.

माझे आजोबा सांगायचे, कोल्हापूरच्या एका फलंदाजानं ब्रॅडमनचा विक्रम जवळजवळ मोडला होता, पण समोरचा संघ सामना सोडून निघून गेला. हे खरं की आजोबांची गोष्ट? (एक वाचक, पुणे)

अगदी खरं, आणि घडलं ते तुमच्याच पुण्यात. भाऊसाहेब निंबाळकर, जन्म कोल्हापूर, 1919. डिसेंबर 1948 मध्ये रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते नाबाद 443 धावांवर होते. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी 455 ची भागीदारी केली होती. संघाची धावसंख्या 4 बाद 826. प्रथम श्रेणीतली तेव्हाची सर्वांत मोठी खेळी ब्रॅडमनची, 452 ची. ती गाठायला 9 धावा हव्या होत्या, म्हणजे दोन-तीन षटकांचा खेळ. विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधारानं डाव घोषित करायला सांगितलं आणि शेवटी सामनाच सोडून दिला. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. आपल्या संघाचं नाव अशा विक्रमासोबत कायमचं जोडलं जाऊ नये, असं त्यांना वाटलं असेल. मला ते आजही पटत नाही. हरणाऱ्यानं शेवटपर्यंत मैदानात उभं राहायचं, हे आम्ही पाचवीच्या पोरांना शिकवतो.

प्रथम श्रेणीत चारशेचा टप्पा ओलांडणारे निंबाळकर आजही एकमेव भारतीय आहेत. तरी त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ते 2012 साली कोल्हापुरातच गेले, 93 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आजोबांची गोष्ट तुमच्या मुलांना आकड्यांसकट सांगा.

कुस्तीच्या गावात फुटबॉल एवढा कसा रुजला? आणि फुटबॉल संघाच्या नावात ‘तालीम’ कशी काय? (एक वाचक, नागपूर)

बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून नवल वाटतं, आणि हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे.

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. पेठेची ती बैठकीची खोली. खाली मातीचा हौद, वर किंवा शेजारी मारुती, बाहेर कट्टा. गणपती तिथला, शिवजयंती तिथली, कोणाच्या घरी मयत झालं तर पहिला निरोप तिथे जातो. त्या हौदातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू आणि काव घालून मळतात. त्या मातीत घाम गाळणारी पोरं संध्याकाळी चेंडू घेऊन बाहेर पडली, तेव्हा त्यांनी आपलं नाव बरोबर नेलं, इतकंच. म्हणून पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शिवाय प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी. संघ पेठेचा, म्हणून हार-जीतही पेठेची. छत्रपती घराण्याचा आश्रय कुस्तीसारखाच या खेळालाही लाभला.

छत्रपती शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याच्या दिवशी या. दुपारी तीनपासून दगडी पायऱ्या भरायला लागतात. सत्तरीतला म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन येतो आणि खेळाडूला त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारतो, कारण वडीलही त्याच जागी खेळलेले असतात. मैदानावरचा हाफ सकाळी रिक्षा चालवतो, गोलकीपर कुठल्यातरी दुकानात हिशेब लिहितो. अलीकडे पेठांच्या संघांतून परदेशी खेळाडूही खेळून गेले. पोरांना त्यांच्याकडून शिकायला मिळालं, पण स्थानिक मुलाची जागा गेली की मला वाईट वाटतं.

आणखी एका गोष्टीचं दुःख होतं. प्रेक्षकांतली हुल्लड. मी स्वतः एका सामन्याला नवव्या इयत्तेतल्या मुलांना घेऊन गेलो होतो आणि दगड सुरू झाल्यावर त्यांना भिंतीला लावून उभं केलं होतं. त्यातल्या एकाच्या आईनं पुढे त्याला फुटबॉलला पाठवलं नाही. चांगला लेफ्ट विंग होता. पेठेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात घ्यावं, असं मी हात जोडून सांगतो.

एवढं सगळं असून देशाच्या संघापर्यंत आपली पोरं मोजकीच पोचली. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आमच्या गल्लीत पडदा लावला होता. त्यालाही लहानपणी घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. पेठेचं प्रेम इथे भरपूर आहे, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना रोज शिकवणारे प्रशिक्षक कमी आहेत. माझ्या मते खरी उणीव हीच.

खासबाग मैदान रोममधलं पाहून बांधलं म्हणतात, ते खरं का? (एक वाचक, जळगाव)

हो. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. 1907 ला इथे काम सुरू झालं आणि 1912 ला मैदान उभं राहिलं. बशीसारखा उतार, मधोमध उंचावर आखाडा. सर्वांत वरच्या कडेला बसलेल्यालाही पैलवानाची पकड दिसते. मी नऊ वर्षांचा असताना तिथेच पहिली मोठी कुस्ती पाहिली. हलगी घुमत होती, एकमेकांची ताकद अजमावायची खडाखडीच अर्धा तास चालली. मग एकानं घिस्सा डाव असा ओढला की दुसरा चितपट झालेला कळायच्या आत फेटे हवेत उडाले. वडील ओरडत होते, मी घाबरून त्यांना चिकटलो होतो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यात खासबागेचं व्यासपीठही गेलं. बरोबर आठवडाभर आधी, 1 ऑगस्टला, आपल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं होतं. पेढ्यांचे रिकामे पुडे अजून घरात होते आणि आम्ही रस्त्यावर उभे राहून धूर पाहत होतो.

माझी मुलगी बारा वर्षांची. स्वप्नील कुसाळे आमच्याच तालुक्यातला, त्याचं पदक पाहिल्यापासून नेमबाजी शिकायची म्हणते. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला बंदूक कशाला? शिवाय खर्च झेपेल का? (एक वाचिका, राधानगरी तालुका)

ताई, आधी खर्चाचं. स्वतःची रायफल लाखांत जाते, पण सुरुवातीला ती घ्यायचीच नाही. क्लबची एअर रायफल वापरायला मिळते का, हे पहिल्यांदा विचारा. पहिले काही महिने तर उभं राहणं, श्वास, खांदा आणि नजर यांतच जातात. दहा मीटरवर कागदाचा नेम. त्या काळात मूल कंटाळतंय की रमतंय हे कळतं, आणि तोवर पैसे राखून ठेवा. शाळेत एनसीसी आहे का, तेही पाहा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवा. कांबळवाडीचा स्वप्नील तिथूनच पुढे गेला आणि खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं.

सासूबाईंना सांगा, कोल्हापूरची बंदूक मुलींनीच आधी गाजवली. तेजस्विनी सावंतनं 2006 ला मेलबर्नच्या राष्ट्रकुलात दोन सुवर्णं आणली आणि 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनची, म्हणजे पोटावर झोपून नेम धरायच्या प्रकाराची, ती विश्वविजेती झाली. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली पहिली भारतीय स्त्री. तिच्याच शाळेतल्या राही सरनोबतनं एनसीसीत बंदूक हाती घेतली. 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तूलच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नेमबाज 34-34 अशा बरोबरीत होत्या. जादा फैरीत 4-4, पुन्हा बरोबरी. दुसऱ्या जादा फैरीत राहीनं 3-2 नं सुवर्ण जिंकलं. मोबाईलवर ती फेरी लावा आणि सासूबाईंच्या शेजारी बसून पाहा. पाहताना राहीच्या हाताकडे लक्ष द्यायला सांगा.

मुलीला घेऊन कोल्हापूरला याल, तेव्हा आधी मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. रेंजपर्यंत मी बरोबर येतो.