कॉम्प्युटर क्लबातील सभासद एकमेकांच्या घरच्या पीसीचे बिघाड खरोखर दूर करू शकतात का?

आपला प्रश्न असा आहे की, पाच-सहा परिचितांनी मिळून कॉम्प्युटर क्लब काढायचे ठरवले आहे, पण त्यांच्यात व्यावसायिक तंत्रज्ञ एकही नाही. तेव्हा एकमेकांच्या पीसीला हात लावून उपयोग होईल, की आहे तो बिघाड वाढेल? मी अशा एका क्लबाचा नऊ वर्षे सभासद आहे आणि त्यातली बरीच वर्षे तक्रारींची वही माझ्याकडे आहे. तिच्या आधारे सांगायचे तर घरगुती तक्रारींपैकी बहुतेक सुटतात. त्या सोडवायला लागणारे तांत्रिक ज्ञान आपल्याला वाटते त्यापेक्षा थोडे असते; मात्र तक्रार नीट ऐकून घेण्याची सवय लागायला आम्हाला दोन-तीन वर्षे गेली.

एक उदाहरण जरा विस्ताराने देतो. आमचे एक ज्येष्ठ सभासद ‘व्हायरस आला आहे’ असे सांगत आले. कोणतेही संकेतस्थळ उघडले की ब्राउझर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देई. त्यांनी दोन अँटिव्हायरस घातले होते आणि एकदा विंडोजही नव्याने टाकले होते. आमच्यातल्या एकाने विचारले, ‘हे रोज होते का?’ तेव्हा कळले की रोज होत नाही. रात्री भिंतीवरचे बटण बंद करायचे विसरले, तर दुसऱ्या दिवशी सगळे सुरळीत चालते. पुढचा प्रश्न होता, ‘सुरू करताना पडद्यावर काही लिहून येते का?’ त्यावर ते म्हणाले, ‘हो, एफ१ दाबा असे येते, पण ते वर्षभर येतेच आहे.’ निदान तिथेच झाले. मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरचा, सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा बटन सेल संपला होता; वीज नसताना संगणकाचे घड्याळ तोच चालू ठेवतो. वीज पूर्ण तुटली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाई, आणि संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी ताडली जात असल्याने प्रत्येक प्रमाणपत्र अवैध ठरे. फरक इतका मोठा असला की विंडोजही घड्याळ आपण होऊन लगेच जुळवून घेईलच असे नाही. सेल बदलायला पाच मिनिटे लागली. इशारा रोज डोळ्यांसमोर होता, पण तो सवयीचा झाल्याने तक्रारीत आलाच नव्हता.

म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा आहे की सभासदाने निदान सांगू नये, जे दिसले ते सांगावे. ‘रॅम गेली आहे’ हे निदान झाले. ‘व्हिडिओ लावल्यावर दहा मिनिटांनी निळा पडदा येतो आणि त्यावर अमुक शब्द असतात’ हे वर्णन झाले. पडद्याचे मोबाइलने छायाचित्र काढून आणले, तर अर्धा तास वाचतो. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला आहे: शेवटचे सगळे ठीक चालले होते तेव्हापासून काय बदलले? उत्तर हमखास ‘काहीच नाही’ असे मिळते, आणि पंधरा मिनिटांनी नवा प्रिंटर, टेबलाची हलवाहलव किंवा नातवाने घातलेला खेळ असे काहीतरी बाहेर पडते. यात लबाडी नसते. टेबल हलवणे आणि संगणक बिघडणे यांचा संबंध माणसाच्या मनात येतच नाही, एवढेच.

दुसरी अडचण आपल्याला पहिल्याच महिन्यात भेटेल: घरी बंद पडणारा पीसी क्लबात उत्तम चालतो. यावर हसण्यापेक्षा हाच पुरावा मानावा. घरून आणताना हादऱ्याने रॅमची पट्टी खाचेत पुन्हा घट्ट बसलेली असू शकते, आणि घरी राहिलेल्या वस्तू, म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड, मॉनिटरची केबल, वाय-फाय राउटर, यांपैकी एखादी दोषी असू शकते. एका सभासदाचे इंटरनेट ठरावीक वेळीच तुटत असे. ती वेळ स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह चालू असण्याची निघाली. मायक्रोवेव्ह आणि जुना वाय-फाय पट्टा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडल्यावर तक्रार थांबली. अशी गोष्ट क्लबाच्या टेबलावर कधीच सापडली नसती, म्हणून अवघड तक्रारींसाठी दोघांनी घरी जाण्याची प्रथा आम्ही पाडली. दोघेच का, तर एकटा माणूस स्वतःच्या पहिल्या अंदाजाच्या प्रेमात पडतो.

क्लबाचा सर्वांत मोठा भौतिक फायदा म्हणजे सुस्थितीत असल्याची खात्री असलेले सुटे भाग. घरी एकट्याकडे एकच पॉवर सप्लाय आणि एकच केबल असते, त्यामुळे दोष कोणात आहे हे तो अदलाबदल करून पाहू शकत नाही. अचानक बंद पडणाऱ्या संगणकात विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते आणि नवखे सभासद तिलाच कारण समजतात. ती नोंद इतकेच सांगते की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण शोधायला दुसरा पॉवर सप्लाय जोडून पाहावा, रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक ठेवून पाहावे, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे साधन रात्रभर चालवावे, आणि प्रोसेसरचे तापमान पाहून पंख्यातली धूळ काढावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे आम्ही फळ्यावर लिहून ठेवले आहे. उत्साहाच्या भरात तिघांनी तीन गोष्टी बदलल्या, तर संगणक चालू होतो पण कशाने चालू झाला हे कोणालाच कळत नाही, आणि महिन्याने तीच तक्रार परत येते.

‘फार हळू चालतो’ ही सर्वाधिक येणारी तक्रार आहे, आणि तिच्यावर लिहिण्यासारखे फारसे नाही. टास्क मॅनेजर उघडून डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल आणि ती जुन्या धाटणीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवावी. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच वाचू शकते, तर साध्या एसएसडीची क्षमता हजारोंच्या घरात असते. रजिस्ट्री (विंडोज आपल्या मांडण्या जिथे साठवते ती यादी) साफ करून वेग वाढवण्याचा दावा करणारी साधने मात्र आम्ही कोणालाही घालू देत नाही.

डिस्कवरूनच आमच्याकडे एकदा कडाक्याचा वाद झाला होता. एका सभासदाच्या डिस्कमधून टकटक असा आवाज येत होता आणि फोल्डर उघडायला मिनिटे लागत होती. एकाचे म्हणणे होते की चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन पूर्ण तपासणीसह चालवावे, म्हणजे खराब सेक्टर, अर्थात डिस्कवरचे बिघडलेले छोटे तुकडे, बाजूला पडतील. दुसऱ्याने केबल हातात धरून ठेवली आणि संगणक सुरूच करू दिला नाही. माझ्या मते दुसऱ्याचे बरोबर होते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला टोकापासून टोकापर्यंत वाचायला लावणे म्हणजे तिचे उरलेले तास तपासणीत खर्च करणे होय. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांमधले ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक, म्हणजे बदललेले, प्रलंबित आणि न वाचता आलेले सेक्टर, वाढत असतील तर आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढाव्यात आणि दुरुस्तीचा विचार नंतर करावा. टकटक सुरू झाली असेल आणि दुसरी प्रत कुठेच नसेल, तर क्लबाने हात मागे घेऊन व्यावसायिक डेटा रिकव्हरीकडे पाठवावे. तेव्हापासून कोणत्याही संगणकाला हात लावण्यापूर्वी ‘बॅकअप कुठे आहे?’ असे विचारले जाते, आणि तो नसेल तर त्या दिवसाचे काम बॅकअप घेणे हेच असते. काहींना याचा राग येतो, आणि तो आम्ही सोसतो.

आपण व्यक्त केलेली भीती, बिघाड वाढण्याची, मुख्यतः दोन ठिकाणी खरी ठरते. जाणता सभासद खुर्ची ओढून स्वतःच भराभर टिचक्या मारू लागतो तेव्हा मालकाला काय केले ते समजत नाही आणि पूर्वस्थिती आणता येत नाही. म्हणून कीबोर्ड मालकाच्याच हाती राहतो; मदतनीस शेजारी बसून सांगतो. काम तिप्पट वेळ घेते, पण पासवर्ड मालकच टाइप करतो आणि पुढच्या वेळी निम्मे काम तो स्वतः करतो. दुसरे ठिकाण म्हणजे बिटलॉकर, अर्थात विंडोजची डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करण्याची सोय. अलीकडच्या अनेक संगणकांत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेले असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. मग कोणी बायोस (विंडोजच्या आधी चालणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) अपडेट करतो किंवा मदरबोर्ड बदलतो, आणि संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की मालकाच्या खात्यात सापडते का, हे आधी पाहून कागदावर उतरवून घ्यावे.

सध्या आमच्या वहीची पाने विंडोज १० ने भरली आहेत, कारण त्याचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा तिचे काम करणारी सोय लागते, आणि ‘तुमचा संगणक पात्र नाही’ हा संदेश वाचून सभासद नवा पीसी घ्यायला निघतात. कित्येकदा टीपीएम संगणकात असते, फक्त बायोसमध्ये बंद असते; इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाने सापडते. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर मात्र बहुतेक वेळा अधिकृत मार्ग बंद आहे. अशा दोघांना आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवून दिली; एक समाधानी आहेत आणि एक अजूनही प्रिंटरवरून कुरकुर करतात.

काही कामे आम्ही सरळ नाकारतो. पॉवर सप्लायचे खोके उघडत नाही, कारण वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहतो. पडद्यावर फोन नंबरासह ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे’ असे आले म्हणून कोणी त्या नंबरावर बोलून संगणकाचा दूरस्थ ताबा दिला असेल, तर आमची तातडीची मदत इंटरनेट तोडायला लावणे, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलायला लावणे आणि बँकेला ताबडतोब कळवायला सांगणे इथवरच असते. त्यानंतर फाइली वाचवून विंडोज नव्याने टाकले जाते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे आम्ही प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी सांगतो.

तज्ज्ञ नसल्याचा संकोच बाळगू नका. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेनलो पार्क येथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबाची पहिली बैठक झाली, तीही हौशी मंडळींचीच होती. आपल्याला सुरुवातीला एक बऱ्यापैकी स्क्रूड्रायव्हर संच, खात्रीचा पॉवर सप्लाय, दोन-तीन केबल, काही बटन सेल, विंडोज आणि लिनक्सचे प्रत्येकी एक बूट होणारे (ज्यावरून संगणक सुरू करता येतो असे) पेन ड्राइव्ह आणि रिकामी बाह्य डिस्क एवढे पुरेल. यांच्या आधी वही आणा, आणि तिच्यात चार रकाने आखा: काय दिसले, आधी काय बदलले होते, काय करून पाहिले, कशाने थांबले. आमच्या वहीतला चौथा रकाना काही ठिकाणी कोराच आहे. त्या तक्रारी आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा वाचतो, आणि त्यांतल्या दोन अशाच दुसऱ्या कोणाच्या तरी बिघाडावरून सुटल्या.